हंसाबेनचं ‘कोणे?’

सरकारी कचेरीत कॉम्प्युटरचं तोंड साहेबाकडे असतं आणि पाठ लोकांकडे. सुरतेच्या त्या कचेरीत एकट्या हंसाबेनचा कॉम्प्युटर याला अपवाद होता. समोर कोणी तक्रार घेऊन उभं राहिलं, की त्या तो जड मॉनिटर दोन्ही हातांनी धरून त्याच्याकडे फिरवायच्या. समोरच्याला वाचता येवो न येवो. एवढ्यासाठी त्यांनी लांब वायर स्वतः आणून लावली होती. “एनुं छे, एने जोवा दो,” त्या म्हणायच्या. त्याचं आहे, त्याला बघू द्या.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी कॉलेजने मला कामाच्या अनुभवासाठी त्यांच्या हाताखाली धाडलं. रेशनकार्डांची नोंद तेव्हा नुकतीच कॉम्प्युटरवर चढत होती. प्रोग्रॅम लिहिणं, बंद पडलेली यंत्रं चालू करणं, अडलेल्या कारकुनांना शिकवणं, हे सगळं हंसाबेनच्या विभागाकडे. मी सुरतेतल्याच गोडादऱ्याचा, खानदेशातून आलेल्या कामगारांच्या वस्तीतला. वडील आणि काका दोघेही कापडाच्या लूमवर. गल्लीतल्या कामगार मंडळाची पत्रकं मी लिहायचो. रात्री ‘यंत्र हे मालकाचं हत्यार’ असं लिहायचं आणि सकाळी त्याच यंत्रासमोर जाऊन बसायचं, यात मला काही खटकत नव्हतं. शत्रूची छावणी आतून बघून ये, असं आमच्या अध्यक्षांनीच सांगितलं होतं. हंसाबेनना हे कुठून कळलं कोण जाणे, पण दुसऱ्या आठवड्यापासून त्या मला ‘नेता’ म्हणू लागल्या. “आवो नेता, आज कोना विरुद्ध?”

पन्नाशीला आलेली बाई. कडक इस्त्रीची सुती साडी, एसीच्या गारठ्यामुळे पायांत मोजे, आणि फ्लॉपीच्या रिकाम्या डब्यात खाखरे. कारकून कॉम्प्युटरच्या खोलीत देवळात शिरावं तसे शिरायचे. दसऱ्याला मॉनिटरला हार पडायचा, कीबोर्डवर कुंकू. हंसाबेन कुंकू पुसून काढायच्या आणि प्रसादाचा पेढा मात्र खायच्या.

त्यांना एकच वाक्य सहन होत नसे: कॉम्प्युटरने चूक केली. कोणी असं म्हणालं, की त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, “कोणे?” कोणी केली? समोरचा पुन्हा कॉम्प्युटरचं नाव घेई. पुन्हा “कोणे?” एका माणसाचं नाव पुढे येईपर्यंत हे चाले, आणि ते बहुतेक वेळा सांगणाऱ्याचंच निघे. मी एकदा म्हणालो, प्रिंटरने कागद खाल्ला. त्या म्हणाल्या, “केम, भूख्यो हतो?” कागद मीच वाकडा लावला होता. ऑफिसात त्यांच्याशी कोणी फारसं गप्पा मारायला बसत नसे, यात नवल नाही.

अशात काकांचं रेशनकार्ड रद्द झालं. बोगस कार्डं शोधायची मोहीम होती. दुकानदाराने काकूला सांगितलं, तुमचं नाव मशीनने कापलं, रॉकेल मिळणार नाही. घरात तान्हं मूल, चूल पेटवायला दुसरं काही नाही. काकू दोन दिवस आमच्या स्टोव्हवर भाकरी भाजायला येत होती आणि आमच्या वाट्याचं रॉकेल जळताना बघून तिचा घास उतरत नव्हता. गल्लीत चौकशी केली तर असे आणखी निघाले, आणि सगळे आमच्याकडचे, खानदेशातले. माझं डोकं फिरलं. बाहेरून आलेल्यांना हुसकावण्याचं हे कारस्थान आहे, असं पत्रक मी एका बैठकीत लिहून काढलं आणि छापायला देण्याआधी ते घेऊन हंसाबेनसमोर उभा राहिलो. काका-काकूही बरोबर होते. काकांच्या केसांत लूमवरचा कापूस तसाच होता.

हंसाबेननी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. चिडल्या नाहीत. मॉनिटर काकूकडे फिरवला, स्वतः टेबलाला वळसा घालून आमच्या बाजूला आल्या आणि कापलेली नावं काढली. बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, “नेता, तुमच्या गावात छोकरां एकाच दिवशी जन्मतात?”

पडद्यावर ओळीने एक जून, एक जून, एक जून. मला हसू आलं. मी सांगितलं, आमच्याकडे जन्मतारीख कोण लिहून ठेवतो? शाळा जूनमध्ये उघडते, पोर दाखल होतं, गुरुजी एक जून टाकतात. माझीही एक जूनच आहे. आजोबांनी वडिलांना आणि काकांना एकाच दिवशी शाळेत नेलं, गुरुजींनी दोघांना एकच तारीख, एकच साल देऊन टाकलं.

हंसाबेन खुर्चीत बसल्या. बोगस कार्ड काढणारा स्वतःचं नाव बदलतो, बापाचं बदलत नाही, असा त्यांचा अनुभव. म्हणून आडनाव, बापाचं नाव, जन्मतारीख आणि वस्ती जुळली की दुसरं कार्ड रद्द, असा नियम त्यांनी बसवला होता. ऑफिसातल्या कोणालाही तो पटला असता. पाठोपाठ जन्मलेल्या भावांचा एकच वाढदिवस असू शकतो, हे त्या ऑफिसात कोणाला सुचणार?

काकू तेवढ्यात काकांकडे बोट दाखवून मला म्हणाली, “मना मालक आठे उभा शे. आनि हाई मशीन म्हनस, नही शे?”

हंसाबेनना अहिराणी येत नव्हती, पण हे कळलं. त्या काकूला म्हणाल्या, “मशीन नहीं, बेन. मैंने काटा.”

मोठ्या साहेबांनी तोडगा काढला: ‘तांत्रिक कारणामुळे’ अशी सूचना लावू, कार्डं हळूहळू परत करू. हंसाबेननी सही दिली नाही. कार्डं आधी चालू केली, मग स्वतःच्या अक्षरात दारावर लिहून लावलं, की नियम चुकीचा होता आणि तो मी केला, खाली नाव आणि हुद्दा. साहेबांनी तो कागद फाडायला लावला. तोवर बऱ्याच जणांनी तो वाचला होता. हंसाबेनची गांधीनगरची बढती ठरल्यासारखी होती. ती गेली आणि त्यांना स्टेशनरीच्या गोदामात बसवलं. ज्यांनी आयुष्यात एक चूक कबूल केली नाही ते सगळे आपापल्या खुर्चीत राहिले. मला आजही याचा संताप येतो.

आमचं मंडळही काही वेगळं निघालं नाही. अध्यक्ष म्हणाले, पत्रक आहे तसंच छाप, कारस्थानावर मोर्चा निघतो, चूक मान्य करणाऱ्या बाईवर कसा काढणार? मी छापलं नाही. आमचं वाजलं.

निरोप घ्यायला गोदामात गेलो, तर हंसाबेन फायलींच्या गठ्ठ्यांत खाखरे खात होत्या. मी म्हणालो, तुमच्यावर अन्याय झाला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मी घाईने साहेबांचं नाव घेतलं. त्या हसल्या आणि डबा माझ्यापुढे केला.

पुढच्या वर्षी बाळाचं नाव कार्डात चढवायला मी काकूबरोबर त्याच ऑफिसात गेलो. हंसाबेनच्या टेबलावर नवा कारकून होता, मॉनिटरची पाठ आमच्याकडे. लांब वायरची गुंडाळी सुतळीने बांधून मागे टाकलेली. तो पडद्यात बघून म्हणाला, मशीनमध्ये बसत नाही, नंतर या.

काकूने बाळ माझ्याकडे दिलं, सुतळी सोडली आणि दोन्ही हातांनी मॉनिटर धरला. कारकून ओरडला. तिला अक्षर वाचता येत नव्हतं.

“मनं शे,” ती म्हणाली, “माले देखू दे.”