तिची एकटीची सही

सोमवार, १३ सप्टेंबर २००४, पोळ्याचा आदला दिवस. अकोल्यात एका डॉक्टरीणबाईंच्या तपासणीच्या खोलीत आम्ही चौघं होतो: डॉक्टरीणबाई, माझी धाकटी बहीण, तिचा नवरा आणि मी. रक्कम साडेतीन हजार रुपये. आठ दिवस आधी मी एकटी जाऊन ती विचारून आले होते आणि आता ती रुमालात बांधून माझ्या पर्समध्ये होती. बहिणीला दिवस गेले होते. तिला ते मूल नको होतं. आमचं काम एवढंच होतं.

बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. वरूडजवळच्या एका खेड्यात दिलेली. आईवडील गेल्यापासून जठारपेठेतलं माझं घर हेच तिचं माहेर. तिला दोन मुली, थोरली पाच वर्षांची, धाकटी दीड वर्षाची. धाकटीच्या वेळी पोट उघडावं लागलं होतं, रक्त फार गेलं होतं, आणि निदान तीन वर्षं पुन्हा दिवस राहू देऊ नका असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तिनं तांबी बसवून घेतली. ती पडून गेली, कधी पडली ते तिला कळलंही नाही.

सासरी संत्र्याची चारशे झाडं होती. विहिरींचं पाणी खाली गेलं आणि दोन उन्हाळ्यांत ती वाळली. ती तोडून सरपणाच्या भावात विकली तेव्हा ती मला फोनवर म्हणाली होती, "ताई, घरामागं आता ऊनच ऊन झालं वं." नवरा दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा. ती हंगामात वरूडला फळं निवडायला आणि पेट्या भरायला जायची. थोरलीला तिथल्या चांगल्या शाळेत घालायचं तिच्या मनात होतं.

राखीला तिचा फोन आला. "दुसरा चालू आहे. पोळ्याच्या टायमाले येतो आमी. सासूले सांगू नोको."

मी कारण विचारलं. आपली विचारायची रीतच असते.

"मले नाही पायजे," ती म्हणाली. "दोन आहेत, त्या मले पुरतात. अजून कारण लागते का?"

मी नाही म्हटलं. मग तारीख विचारली.

"तारीख कोण लिहून ठेवते? तू तं देवाले बी पावती मागशील. वटपौर्णिमेले मले अडचण होती, वडाले दोरा नाही बांधला मी. मोज आता." पण तेवढ्यात कोणीतरी आलं आणि तिनं फोन ठेवला. फोन शेजाऱ्यांचा होता, त्यावर उलट फोन करण्यासारखं नव्हतं.

मी मोजलं, आणि माझं मोजणं तिच्याशी जुळेना. वटपौर्णिमा ज्येष्ठातली. त्या वर्षी श्रावण दोन होते, पहिला अधिक. तिच्या सासरी बायका पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत मोजतात आणि महिन्याच्या नावानं मोजतात. सासूचा दंडक असा, की धोंड्याचा महिना देवाचा, तो माणसाच्या हिशोबात धरायचा नाही. लग्न नाही, वास्तू नाही, तसा पोटातला महिनाही नाही. म्हशीलाही ती हाच नियम लावते, त्यामुळे तिची म्हैस दर तीन वर्षांनी एकदा वेळेआधी विते. बहिणीनं राखीला दुसरा म्हटला तेव्हा तिला तीन महिने होत आले होते. मी दोनदा निरोप पाठवला की लवकर या. पण ट्रॅक्टरमालकानं सोडलं नाही, आणि ती दोघं तिसराच धरून बसली होती.

ते पोळ्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी आले. सासूला दाढ काढायला जातो असं सांगितलं होतं. जेवताना जवाई म्हणाले, "दाढच समजा, ताई. अक्कलदाढ." बहिणीनं त्यांना कोपरानं ढोसलं. दोघं हसले. तेव्हा दोघांचं एक होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं ते राहिलं नाही.

रात्री मी तिला कॅलेंडर दाखवलं. तिनं अधिक श्रावणावर बोट ठेवलं आणि किती तरी वेळ उचललं नाही.

"हा बी धरायचा?"

"हो."

"म्हणजे चौथा?"

"चौथा अर्धा झाला."

"अन् आता?"

"बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरवर होतं. त्याच्या पुढं दोन डॉक्टर लागतात. वीसपर्यंत होतं."

"मंग होते न," ती म्हणाली आणि निजायला गेली.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांच्याबद्दल आजही माझं मत वाईट नाही. त्यांनी तिला झोपवून मशीन लावलं, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "साडेचौदा आठवडे." आम्हाला ते ठाऊकच होतं. मग त्यांनी विचारलं, "मुलं किती?"

"दोन पोरी," बहीण म्हणाली.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "चौदा आठवडे आणि दोन मुली. कुठून तपासून आलात?"

आम्हाला प्रश्न कळला नाही. जवाई म्हणाले, "वरूडहून आलो, मॅडम."

"तसं नाही. सोनोग्राफी कुठं केली? कोणी सांगितलं मुलगी आहे म्हणून?"

मग कळलं. बहीण उठून बसली. पोटावरची जेल पुसायचंही तिला भान राहिलं नाही. "कोणीच नाही सांगितलं. मले पोरगं बी नाही पायजे अन् पोरगी बी नाही. काहीच नाही पायजे."

"सगळे असंच म्हणतात."

मी कायद्याचं बोलले. साधन फसलं, दोन डॉक्टरांचं मत, वीस आठवडे. त्यांनी ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमचं सगळं बरोबर आहे. कायद्यात बसतं. नवऱ्याचीसुद्धा गरज नाही, तिची एकटीची सही पुरते. पण ह्याच रस्त्यावर मागच्या महिन्यात एकांचं मशीन सील झालं. माझ्या कागदावर काय दिसणार? चौथा महिना, दोन मुली, गर्भपात. मी कोणाकोणाला पटवू? तुम्ही सरकारी दवाखान्यात जा. तिथं त्यांना कोणी विचारणार नाही."

त्यांनी तपासणीचे पैसेही घेतले नाहीत. आम्ही बाहेर आलो तेव्हा साडेतीन हजार तसेच रुमालात होते.

मुली पोटात मारल्या जातात म्हणून हा बंदोबस्त आहे, आणि तो हवाच. आमच्याच नात्यात असं झालेलं मला माहीत आहे, दोन घरांत. पण जिनं कधी असा विचारही केला नाही ती त्या बंदोबस्तात सापडली, आणि तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवायची सोय कोणाकडेच नव्हती.

बसस्टँडवरच्या रसवंतीत बसलो तेव्हा जवाई म्हणाले, "ताई, एक विचारू? मॅडमनं मशीनमदी पाह्यलं, अन् मंगच नाही म्हटलं. बरोबर?"

"दोन मुली ऐकून नाही म्हटलं."

"त्याच्या आधी पाह्यलं न. पोरगी असती तं कशाले नाही म्हणाली असती? घेतले असते पैसे. साडेतीन हजार कोण सोडते? तपासणीचे बी नाही घेतले."

"अहो, त्यांना पोलिसांची भीती आहे."

"भीती असती तं मशीनच नसतं लावलं. पोरगा दिसला असंन तिले. पोरगा पाडाचं पाप नसंन घ्याचं."

त्या बाईंनी कायद्याला भिऊन दिलेला नकार ह्या माणसानं पेढ्याच्या पुड्यासारखा उघडला होता. अशा खुणा आमच्याकडे चालतात, डॉक्टर तोंडानं बोलत नाहीत, इशाऱ्यानं सांगतात, हे पोराटोरालाही माहीत आहे. ज्यांनी काहीच सांगितलं नव्हतं त्यांचंही सांगणं त्यानं ऐकलं.

बहिणीनं ग्लास खाली ठेवला. "काय बोलून राहिले तुमी? काल रात्री काय म्हणत होते?"

"काल मले काय मालूम होतं?"

"अन् आज काय मालूम झालं?"

तो हसला. लाजल्यासारखा, खूश असलेल्या माणसासारखा. "पाहू न वं. घाई काय आहे?"

पोळ्याच्या सकाळी ते गावी गेले. दोन दिवसांत सासूला कळलं, आणि तिनं दाढेचं खोटं बोलल्याबद्दल सुनेला काहीही न बोलता दूध चालू केलं.

बहीण तरीही आली. महालक्ष्म्या उठल्यावर, एकटी, सकाळच्या एसटीनं अमरावतीला. मी अकोल्याहून गेले. मोठ्या सरकारी दवाखान्यात आम्ही केसपेपर काढला आणि दुपारपर्यंत रांगेत बसलो. टेबलावरच्या सिस्टरनं विचारलं, "नवरा कुठाय?"

"नाही आला."

"सही लागते."

मी म्हटलं, कायद्यात तिची एकटीची पुरते. सिस्टर चिडल्या नाहीत. त्यांना हे रोजचं होतं. "पुरते हो ताई. उद्या तो चार माणसं घेऊन येते आणि टेबल उलटवते, तेव्हा कायदा येत नाही इथं. आम्हीच असतो."

"मी तुमाले लिहून देतो," बहीण म्हणाली. "माह्या अंगावर. मी मेली तं मीच जबाबदार. आपरेशन बी करून टाका संगच, पोट्टे होण्याचं बंद करून टाका."

"रक्त किती आहे ते तर पाहू दे आधी." रक्त सात निघालं. आधी लोहाच्या गोळ्या, मग रक्त चढवायचं, मग दोन डॉक्टरांचा कागद, आणि दुसरे डॉक्टर सुट्टीवर. पंधरा दिवसांनी या, नवऱ्याला घेऊन या.

बाहेर लिंबाखाली आम्ही माझ्या डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या. ती म्हणाली, "ताई, सासूले वाटते पोरगं आहे. त्याले वाटते पोरगं आहे. मॅडमले वाटते पोरगी आहे. माह्या पोटात काय आहे ते सगळ्यायले समजते, मीच एकटी येडी." मग म्हणाली, "तू काही बोलू नोको आता. तुह्याच्यानं होत नाही हे." ते तिनं रागानं म्हटलं नाही, म्हणूनच जास्त लागलं.

पंधरा दिवसांनी ती आली नाही. मी जवायांना फोनवर बोलावून घेतलं. पाया पडते म्हटलं. ते म्हणाले, "ताई, तुमी मोठ्या आहात, असं बोलू नका. तिले काय कमी करून राहिलो आमी? रोज अर्धा लिटर दूध आहे. पेट्या भराले बी जाऊ देत नाही." औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून द्यायचं माझ्या मनात येऊन गेलं. पण चार महिन्यांच्या वर, पोट एकदा उघडलेलं, अंगात रक्त नाही. त्या गोळ्या मी आणल्या नाहीत. दसऱ्याला वीस आठवडे होऊन गेले होते. त्या दिवशी तिचा फोन आला, तेव्हा ती थोरलीच्या शाळेबद्दलच बोलली. यंदा राहू दे म्हणतात, असं म्हणाली.

मार्चमध्ये महाशिवरात्रीच्या आठवड्यात अमरावतीच्या त्याच दवाखान्यात तिला नेलं. वार जुन्या टाक्यांवर चिकटली होती. पोट उघडलं आणि रक्त थांबेना. एक डॉक्टर धावत बाहेर आले, पिशवी काढावी लागेल म्हणाले, आणि जवायांच्या हातात कागद दिला. जवायांनी सही केली. ह्या वेळी नवरा हजर होता, ती शुद्धीवर नव्हती, आणि तिची सही लागणारही नव्हती. जिथं मी सप्टेंबरमध्ये उभी होते त्याच टेबलाजवळ हे झालं.

ती वाचली. तिला मूल नको होतं ते झालं, आणि बंद करून टाका म्हणाली होती तेही झालं, दोन्ही तिला न विचारता. आज सोळा वर्षं होत आली. ती जड उचलू शकत नाही, पेट्या भरायला पुन्हा गेली नाही. थोरली गावातल्या शाळेत दहावीपर्यंत शिकली आणि तिचं लग्न झालं. मुलगा गुणी आहे. त्याचा ह्यात काही दोष नाही आणि मी त्याला जीव लावते. बहीणही लावते. पण त्याच्याकडे पाहताना ती कधी कधी मध्येच थांबते, ते मी पाहिलेलं आहे आणि त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

साडेतीन हजारांचा तो रुमाल मी मार्चमधल्या त्या दिवशी सोबत नेला होता. रक्ताच्या तीन पिशव्या आणि बाहेरून आणलेली इंजेक्शनं ह्यांत एकोणतीसशे चाळीस गेले. उरले पाचशे साठ. तिला अजून आतच ठेवलं होतं, वाचेल की नाही कोणी सांगत नव्हतं, तेव्हा आया दुपट्यात गुंडाळलेलं मूल घेऊन बाहेर आली आणि दारात अडून उभी राहिली. सासू रडत होती, जवाई भिंतीला टेकून बसले होते. आयानं माझ्याकडे पाहिलं, कारण पर्स माझ्याकडे होती.

"मुलगा आहे बाई. मुलीचे दीडशे घेतो आम्ही, मुलाचे पाचशे एक."

मी आयाला पाचशे एक रुपये दिले.