मेजावरची भाकर

मार्टिनदादा प्रभुभोजनाची भाकर भाजायचे, पण चाखायचे नाहीत. सदर भागातल्या त्यांच्या बेकरीत रोज निघणारा पाव, टोस्ट, नानखटाई ते भट्टीतून काढल्याबरोबर मोडून तोंडात टाकायचे आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच मालाला शिव्या द्यायचे. तीन महिन्यांतून एका शनिवारी मात्र ते दुपारी हात कोपरापर्यंत धुवायचे, स्वच्छ सदरा घालायचे आणि चर्चसाठी एकच मोठा गोल पाव भट्टीत लावायचे. आमच्या मराठी चर्चमध्ये त्या पावाला भाकर म्हणतात आणि ती ज्या टेबलावर ठेवतात त्याला मेज; प्रभू येशूच्या आठवणीत सगळ्यांनी तिचा एकेक तुकडा खायचा, ते प्रभुभोजन. त्या भाकरीचा कोपरासुद्धा त्यांनी कधी आधी मोडून पाहिला नाही. "मेजावरच्या भाकरीची चव मेजावर," ते म्हणत. "आधी घरी खाल्ली त तो नाश्ता झाला." हा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम होता. रविवारी मेजावर जी चव लागेल तिच्यावरून ते पुढच्या खेपेचं मीठ ठरवायचे.

ते उंच होते, खांद्यात थोडे वाकलेले, आणि भुवयांवर कायम मैदा. चाळिशीतच म्हातारे दिसायचे आणि पुढची पंचवीस वर्षं तसेच राहिले. बेकरीच्या मागच्या दोन खोल्यांत ते आणि सुधाकरभाऊ राहत. सुधाकरभाऊ मूळचे खापा गावचे, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवणारे. दोघांनी लग्न केलं नव्हतं. चर्चची मंडळी त्यांना मावसभाऊ म्हणायची. कोणी चौकशी करून हे ठरवलं नव्हतं. वीस वर्षं एकत्र राहणाऱ्या दोन पुरुषांना काहीतरी म्हणावं लागतं, आणि मावशी ही कोणालाही असू शकते.

बाहत्तर साली आमच्या चर्चमध्ये नवीन पाळक, म्हणजे पाद्री, आले. माणूस विद्वान, आवाज भारदस्त, झग्याला जांभळी किनार. आल्या आल्या त्यांनी प्रवचनाच्या चौथऱ्याला, म्हणजे पुलपिटाला, पितळी कठडा लावून घेतला आणि इतवारी बाजारातून एक जाडजूड रजिस्टर बांधून आणलं. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत 'कुटुंब-नोंद'. प्रत्येक घराला एक पान. पानावर नाव, बाप्तिस्मा, धंदा, आणि कुटुंबप्रमुखाशी नातं. मी तेव्हा हायस्कुलात मराठी शिकवत होतो. माझा विश्वास बेताचा आणि अक्षर चांगलं, म्हणून मंडळीने मला पंचकमिटीचा सेक्रेटरी केलं होतं. रजिस्टर काखेत मारून घरोघर फिरण्याचं काम अर्थात माझ्याकडे आलं.

मार्टिनदादांच्या घरी मी गेलो तेव्हा सुधाकरभाऊ पेटी उघडून तिच्या पट्ट्या पुसत बसले होते. चहा झाला. मी पान उघडलं आणि सुधाकरभाऊंच्या नावापुढे सवयीने पेन टेकवलं.

"मावसभाऊ लिहू ना?"

"कोणाचा मावसभाऊ?" मार्टिनदादा म्हणाले.

"तुमचे. सगळे तेच म्हणतात."

"म्हणत असतीन. मी कधी म्हटलं काय?"

"लिही गा, लिही मावसभाऊ," सुधाकरभाऊ मान वर न करता म्हणाले. "काय फरक पडते?"

"पडते. उद्या मावशीचं नाव विचारलं त कुठून आणशीन?" मग माझ्याकडे वळून, "घरचा माणूस लिही."

"दादा, हे पाळकसाहेब वाचणार आहेत."

"मंग चांगलंच आहे. वाचाले येते त्याईले." ते उठून माझ्याजवळ आले. "हे पाहा बापू, रस्त्यावरच्यानं मावसभाऊ म्हटलं, मी ऐकून घेतलं. पण ही चर्चची वही आहे. हिच्यात लबाडी लिहून मी रविवारी मेजावर कोणत्या तोंडानं जाऊ? भट्टीले लबाडी चालत नाही. वरून कितीही लाल केलं तरी आतून कच्चं ते कच्चंच निघते."

सुधाकरभाऊंचा हात पेटीवर थांबला होता. मी रकाना कोरा सोडू शकलो असतो. पण मार्टिनदादा माझ्या पेनाकडे बघत उभे होते, आणि मी लिहिलं: घरचा माणूस.

पाळकसाहेबांनी ते पान वाचलं आणि पंधरा दिवसांत मार्टिनदादांना पंचकमिटीपुढे बोलावलं. आम्ही सात जण लांब टेबलाच्या एका बाजूला, ते एकटे दुसऱ्या बाजूला. सुधाकरभाऊ बाहेर बाकावर बसले होते. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, घसा साफ केला आणि विचारलं, "आपण विवाह का केला नाही?"

"मन बसलं नाही, साहेब. पोरींवर कधी बसलंच नाही. सुधाकरवर बसलं. लपवून लग्न केलं असतं त एका पोरीची जिंदगी खराब झाली असती."

कोणीतरी खुर्ची सरकवली. पाळकसाहेबांचा चेहरा लाल झाला. "हे शास्त्राविरुद्ध आहे, पाप आहे, असं आपल्याला वाटत नाही?"

"पहिले लई वाटे. रडलो बी. आता रोज सकाळी भट्टी पेटवताना प्रभूले विचारतो. वीस वर्षं झाले, विचारून राहिलो. तो अजून 'नाही' म्हणाला नाही. तुम्हाले काही म्हणाला असन त सांगा."

पाळकसाहेबांना तसं काही कळवण्यात आलं नसावं. तेव्हा थोरात बोलले. थोरात म्हणजे मंडळीतले सर्वांत वडील पंच, रिटायर्ड पोस्टमास्तर, ज्यांची कुजबुज शहराच्या टोकाला सेमिनरी हिल्सपर्यंत ऐकू जाई. "अरे मार्टिन, मावसभाऊ म्हण आन घरी जाय ना! आम्हाले भुका लागल्या."

"थोरातकाका, तुम्ही जेवाले जा. मी खोटं नाही म्हणत."

त्यांच्यापुढचा सौदा अगदी स्वस्त होता. एक शब्द बदलला की मेज कायम. तो शब्द त्यांनी बदलला नाही. ठराव झाला की पश्चात्ताप करीपर्यंत दोघांना प्रभुभोजनापासून दूर ठेवावं. सातांपैकी सात हात वर झाले. त्यांतला एक माझा होता. ठराव मी लिहिला. अक्षर त्या दिवशीही चांगलंच आलं, याची मला अजून लाज वाटते.

शिस्तीच्या उत्साहात एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी ती आली. भाकर कोण भाजणार? पाळकसाहेब म्हणाले, बाजारातून आणा. बाजारात जाण्यावरून पंचांचे मतभेद झाले. रविवारी सकाळी पावणेनऊला मार्टिनदादा नेहमीसारखे पांढऱ्या फडक्यात भाकर बांधून वेस्ट्रीच्या, म्हणजे पाळकांच्या तयारीच्या खोलीच्या, दारात उभे होते.

"शिक्षा मले झाली, मंडळीले नाही," ते म्हणाले. "लोकायले काहून उपाशी ठेवता?"

आणि सुधाकरभाऊ जाऊन पेटीवर बसले, कारण पेटी वाजवू नये असंही ठरावात लिहायचं राहून गेलं होतं. ज्यांना मेजावर बसण्याची मनाई, त्यांच्याच हातची भाकर खाऊन आणि त्यांच्याच पेटीवर गाऊन आमची मंडळी पुढली अकरा वर्षं पवित्र होत राहिली. यात कोणाला विसंगती दिसली नाही. सवय झाली की विसंगतीलाही परंपरा म्हणतात.

मार्टिनदादा उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर, माझ्या शेजारी बसत. भाकरीच्या तुकड्यांचं तबक बाकावरून हातोहात येई. ते तबक माझ्याकडून घेत, दोन्ही हातांनी, जपून, आणि पलीकडच्या साराबाईंना देत. स्वतः काही घेत नसत. साराबाई दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स; कोणाच्या बापाला भ्यायची त्यांची सवय सुटून जमाना झाला होता. पहिल्याच वर्षी त्यांनी आपला तुकडा मोडला आणि अर्धा दादांच्या हातात कोंबला. "खा गा. कोण पाहते?"

दादांनी तो त्यांच्या तळहातावर परत ठेवला. "नाही बाई. चोरून नाही खात. उघड मिळन तेव्हा खाईन."

मी एकदा त्यांना विचारलं होतं की शहरात इतकी चर्चेस आहेत, दुसरीकडे का जात नाही. ते मळलेल्या पिठावर थाप मारत म्हणाले, "बापाचं घर आहे बापू. मेजावरून उठवलं आहे, घरातून नाही." मी पुस्तकं पुष्कळ वाचली होती, पण इतकं सरळ उत्तर मला कुठल्याही पुस्तकातल्या श्रद्धाळू माणसाने दिलं नव्हतं.

पाळकसाहेबांची बदली झाली. त्यांच्यानंतरच्याने ठराव वाचला नाही, त्यानंतरच्याने वाचून मिटला. मधल्या काळात सुधाकरभाऊंना ब्लडप्रेशर निघालं आणि डॉक्टरांनी मीठ तोडलं. त्या घरात कधी जेवायला बसलो की वरणाला, भाजीला, कशालाच मीठ नसे. मी मीठ मागितलं की दादा डोळे वटारत. "त्याच्यासमोर खाऊ नको. त्याले आठवते."

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात सुधाकरभाऊ गेले. खाप्याहून त्यांचे थोरले भाऊ आले. दहा वर्षांत ते कधी आले नव्हते, पण नातेवाईक ते होते, म्हणून कबरीत पहिली मूठ माती त्यांनी टाकली. मार्टिनदादा सगळ्यांच्या मागे उभे राहिले. गर्दी ओसरल्यावर ते पुढे आले, गुडघ्यावर बसले आणि मातीचं एकेक ढेकूळ हाताने फोडून, बारीक करून टाकत राहिले, मैद्यातल्या गुठळ्या मोडाव्यात तसे.

त्या वेळचे पाळक तरुण होते आणि मनाने चांगले. महिन्याभराने ते मला घेऊन बेकरीत आले. म्हणाले, "दादा, आता ते कारणच उरलेलं नाही. आपण दोन ओळींचा अर्ज द्या, मी पुढच्या रविवारी तुम्हाला मेजावर घेतो."

दादांनी हातातला ट्रे खाली ठेवला. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात येऊन उभं होतं.

"म्हणजे तो मेला म्हणून मी शुद्ध झालो काय?"

पाळक गडबडले. "तसं नाही..."

"तसंच आहे, साहेब. तुमचा राग नाही. पण त्याच्या मरणाच्या दारातून मी मेजावर येत नाही. खारी लागो, गोड लागो, ती भाकर मले आयुष्यभर त्याचं प्रेत वाटन."

घरी येऊन मी कमिटीच्या ठरावांचं जुनं मिनिटबुक काढलं, आणि पुढच्या बैठकीत आयुष्यातला पहिला ठराव स्वतः मांडला: बाहत्तर सालचा ठराव चुकीचा होता, तो पहिल्या दिवसापासून रद्द समजावा. दोन तास वाद झाला. शास्त्रातली वचनं दोन्ही बाजूंनी पडत होती. तीन हात वर आले, तीन खाली राहिले. उरले थोरात. ते नव्वदीला आले होते आणि मला वाटलं झोपले आहेत.

"चौवेचाळीस खेपा त्याच्या हातची खाल्ली," ते डोळे न उघडता गरजले. "खाताना कोणी विचारलं नाही. रद्द करा. आन मले घरी सोडा."

नीतिशास्त्राचा निकाल असा लागला. मी तो लिहून घेतला, आणि अक्षर खराब आलं.

पुढच्या प्रभुभोजनाला पाळकांनी उपासनेच्या सुरुवातीलाच तो ठराव उभ्याने वाचला, सुधाकरभाऊंच्या नावासकट. तबक तिसऱ्या बाकावर आलं. मार्टिनदादांनी ते दोन्ही हातांनी धरलं, आणि पहिल्यांदा पुढे दिलं नाही. एक तुकडा उचलला, तोंडात ठेवला, डोळे मिटले. साराबाईंनी नाक पुसलं. चर्चमध्ये खोकणारेसुद्धा थांबले होते.

मग दादा माझ्याकडे झुकले. "बापू, मीठ कमी आहे."

"कित्येक वर्षं तसंच आहे," मी कुजबुजलो.

"मंग सांगितलं काहून नाही?"

"आम्हाला वाटलं, पवित्र गोष्टी अळणीच असतात."

ते हसले; खांदे हलले इतके. मग तोंडातला घास सावकाश चावत त्यांनी पेटीमागच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "सुधाकरच्या पथ्याचा हात बसला," ते म्हणाले. "घरी तसंच मळत होतो नं."

त्यानंतर मार्टिनदादा दोन वर्षं जगले आणि आठ वेळा भाकर भाजली. मीठ शेवटपर्यंत तेवढंच राहिलं, आणि आमच्यातल्या कोणीही तक्रार केली नाही.