अण्णासाहेबांच्या आधी लागलेलं लग्न

माझी धाकटी बहीण मार्था कुणासाठीच उठून उभी राहायची नाही. तलवाड्याजवळच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत दूध संघाचे चेअरमन अण्णासाहेब आले, की म्हातारी माणसंसुद्धा धोतर सावरत उठायची. मार्था शेळीची धार काढत असली तर बसूनच म्हणायची, "बसा की अण्णा, मी बी बसलेच हाय." देवळात फादर शुभवर्तमान वाचायला लागले, की मात्र सगळ्यांच्या आधी उभी. मला तिचा हा ताठा पटत नसे. तहानलेल्या माणसानं वाकावं, असं माझं मत होतं.

त्या वर्षी विहिरी आटल्या होत्या. संघ दुधाचा टँकर धुऊन त्यातून आम्हाला पाणी पाठवायचा. धुतला असं म्हणायचे. पाणी घशाखाली उतरलं, की नासकी साय जिभेवर राहायची. आम्ही नाक दाबून प्यायचो आणि वर "अण्णांची कृपा" म्हणायचो. पाण्यापेक्षा त्या कृपेचीच मला जास्त किळस यायची.

मार्थाचं लग्न घाटनांदूरच्या एका शाळामास्तराशी ठरलं. अण्णांनी लग्नाला टँकर आपणहून कबूल केला. आमच्या भागात पुढारी आल्याशिवाय लग्न लागत नाही. नवरानवरी उन्हात ताटकळतात, मग कधीतरी गाड्या येतात, शाली, नारळ, भाषण होतं, आणि त्यानंतर अक्षता. आमचंही असंच असेल, हे अण्णा धरूनच चालले होते.

सकाळी टँकर देवळाच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. चुली पेटलेल्या, पातेली कोरडी. मी ड्रायव्हरला म्हटलं, "कॉक खोल."

"न्हाई ताई. अण्णा आल्याबिगर खोलायचा न्हाई, हुकूम हाय," असं म्हणून तो देवळाच्या पायरीजवळ पचकन पान थुंकला.

मिस्साची, म्हणजे लग्नाच्या उपासनेची, वेळ झाली. बाबा फादरांपुढं हात जोडून उभे राहिले. "जरा थांबा, फादर. अख्ख्या वस्तीचं पाणी हाय त्येंच्या हातात." फादर मार्थाकडं बघायला लागले.

"कावून थांबायचं?" ती म्हणाली. "देवाला बोलिवलंय, त्यो कवाचा आलाय."

"आणि लोकं जेवून काय पितील? तुझं डोंबल?" मी म्हटलं.

"येशू गेला व्हता त्या काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला व्हता, आक्का, आपल्याकडं पाणी. लगीन थांबलं का तवा?" आणि हसली. त्या पांढऱ्या साडीत ती छान दिसत होती, तरी तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटली.

मिस्सा सुरू झाली. ढोलकी घुमायला लागली, म्हाताऱ्या बायका बोळक्या तोंडानं टिपेला गायला लागल्या. मार्थानं लग्नाचं वचन असं खणखणीत दिलं, की नवराच गडबडला आणि आपली ओळ विसरला. देऊळभर हसू पसरलं. फादरही हसले. असं हसतखेळत लागलेलं लग्न मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि तेही अर्धंच पाहिलं, कारण मी मागच्या दारातून बायकांना घरोघर पिटाळत होते. ज्याच्या रांजणात जे तळाशी असेल ते आणा. प्रत्येकीनं कुरकुर केली आणि प्रत्येकीनं आणलं. भात शिजला. मटणाचा रस्सा मात्र फार दाट झाला.

अण्णा पोचले तेव्हा पंगत बसली होती. मागं शालींचा गठ्ठा घेतलेला माणूस. "लगीन लागलं?" त्यांनी विचारलं, चप्पल चोरीला गेल्यासारखं तोंड करून.

"लागलं की, अण्णा," मार्था हातात घास धरून म्हणाली. "बसा, जेवून घ्या. पाणी जरा जपून प्या."

अण्णा आल्या पावली वळले. जाताना त्यांनी ड्रायव्हरला नुसतं बोट दाखवलं. त्यानं टँकर रस्त्यावर नेला आणि कॉक खोलला. सगळं पाणी धुळीत गेलं. शालवाला माणूस दात काढून हसत होता. मी घागर घेऊन धावले. हाती लागला तो नासक्या वासाचा चिखल. अजून आठवलं की तोंड कडू होतं.

संध्याकाळी मार्था जीपमधून सासरी गेली. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत टँकर आमच्या वस्तीकडं फिरकला नाही. नदीच्या कोरड्या पात्रात खड्डा खणून बायका वाटी-वाटीनं पाणी भरायच्या. त्या रांगेत मार्थाच्या नावानं रोज शिव्या निघायच्या, माझ्याही तोंडून. पण मिस्सा थांबवायला हवी होती, असं मात्र एकीनंही कधी म्हटलं नाही.