मागच्या दाढेचं पांढरं

दंतवैद्याकडे माणसं तोंड उघडतात, त्यामुळे किस्से शोधायला जावं लागत नाही. माझे उत्तम किस्से मात्र तोंडांतून नव्हे, बिलांतून आले. पेणला माझा दवाखाना, आठवड्यातले दोन दिवस रोह्याला. तिथल्या एका कंपनीच्या यादीत माझं नाव आहे. कामगारांची बिलं कंपनी भरते आणि ती तपासतात एक साहेब.

*

गडब गावच्या एका कामगाराची दाढ मी दाताच्याच रंगाच्या कंपोझिटने भरली आणि बिलात तसंच लिहिलं. बिल परत आलं. शेरा : ‘मागची दाढ कोणाला दिसते? पांढरं फिलिंग केवळ दिसण्यासाठी. नामंजूर.’

शेरा मी मोठ्याने वाचला, तेव्हा खुर्चीत हमरापूरचे एक मूर्तिकार होते. तोंडात कापूस, तरी बोललेच, “बाई, आमी गणपतीची पाठ पन रंगवतो. तुमच्या सायबाने ती कोरीच ठेवली असती!”

*

पुढच्या बिलात नोंद होती : एक दाढ, दोन पृष्ठभाग. साहेबांचा फोन आला, “दाढ एक, मग पैसे दोनाचे कसे?”

फोन माझ्या मदतनीस वनिताने घेतला होता. “सायब, तुमचं टेबल एकच हाय ना? मंग त्याला बाजू किती हायत?”

पलीकडून टेबल सरकल्याचा आवाज आला. बहुधा मोजत असावेत.

*

मग साहेबांनी काम पूर्ण झाल्याचा फोटो मागितला. पाठवला. शेरा : ‘फोटोत फिलिंग दिसत नाही. नामंजूर.’

आधी ते केवळ दिसण्यासाठी होतं, आता ते दिसतच नव्हतं! माझ्या कामाचं इतकं निखळ कौतुक माझ्या प्राध्यापकांनीही कधी केलं नव्हतं.

*

अखेर साहेबांनी तोडगा सुचवला. “मॅडम, बिलात ‘चांदी’ लिहा, ते जुनं स्वस्तातलं फिलिंग. लगेच पास करतो.”

“दाढेत चांदी नाही.”

“कागदावर असू दे की!”

“उद्या दुसऱ्या डॉक्टरने ती दाढ उघडली, तर त्याला तुमचा कागद दाखवू?”

“मग यादीतून तुमचं नाव काढावं लागेल.”

रोह्यातले माझे बहुतेक रुग्ण कंपनीचेच. नाव गेलं, की तिथल्या दवाखान्याला कुलूप! “अवश्य काढा,” मी म्हटलं. “फक्त कारण लेखी द्या : डॉक्टर खरं लिहितात.”

पुढच्या प्रत्येक बिलात मी ‘कंपोझिट’ शब्दाखाली रेघ मारू लागले.

*

लेखी कारण आलं नाही. साहेबच आले, गालावर हात ठेवून. पोह्यांतल्या खड्याने मागची दाढ तुटली होती.

“चांदी की पांढरं?” मी विचारलं.

“पांढरं,” साहेब पुटपुटले.

“मागची दाढ आहे, साहेब. कोणाला दिसते?”

“मला दिसते ना!”

दाढ भरून झाल्यावर त्यांच्या हातात आरसा दिला. त्यांनी जबडा सगळीकडून निरखला. “कमाल आहे, मॅडम! फिलिंग कुठे आहे, तेच दिसत नाही!”

वनिताने बिल पुढे ओढून पेन उघडलं.

“मंग सायब, नामंजूर लिवू?”