पितळी खोळींचा चावीवाला

चावी कुलपात घालायची, मनगट अर्धं वळवायचं, चावी बाहेर काढून तिच्यावर एक फुंकर मारायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात ठेवत म्हणायचं, "फिरली ना? मग माझं काम झालं." जिंतूरच्या बसस्टँडसमोर माझ्या दुकानाच्या भिंतीला टेकून बसणारा तो चावीवाला बारा वर्षं हेच म्हणत होता. तुमच्याही गावात असा एखादा असेल. नसला तर तुम्ही सुखी आहात.

माझं दुकान गाड्यांच्या वायरिंगचं. तो माझ्यापेक्षा वयानं बराच मोठा, म्हणून सगळ्यांसारखं मीही त्याला मामा म्हणे. पण ते तोंडदेखलं. मनात त्याला काडीची किंमत नव्हती. एक पत्र्याची पेटी, चार कानशी, हातानं फिरवायचं मशीन आणि फाटकी छत्री. एवढ्यावर तो स्वतःला कारागीर म्हणवून घ्यायचा.

आता बघा, नव्या गाड्यांच्या चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते. गाडी ती चिप ओळखते, मगच इंजिन पेट घेतं. नाही ओळखली तर स्टार्टर नुसता बोंबलतो आणि समोर लाल दिवा लुकलुकत राहतो. चोरानं नुसती चावी घासून गाडी पळवू नये, एवढाच त्यातला हेतू. चौथीतल्या पोराला कळेल अशी गोष्ट. मामाला ती बारा वर्षांत कळली नाही.

"मामा, चिपच्या गाडीला साधी चावी देत जाऊ नका. लोक ढकलत ढकलत माझ्याकडं येतात."

"म्या चावी करतो भाऊ, गाडी न्हाई करत."

"अहो, पण चिप..."

"कंपनीनं मालकालाच चोर समजलंय, अन् तुमी तिच्या बाजूनं बोलायलाव!"

अशा माणसाशी काय डोकं लावणार?

येलदरीच्या एका मासळीवाल्याची चावी धरणात पडली. मित्राच्या गाडीवरून तो जिंतूरला आला, मामाला बरोबर घेऊन गेला. मामानं कुलूप बघून चावी घासली, दार उघडलं, फुंकर मारली आणि परत येऊन बसला. इंजिन काही सुरू होईना. शेवटी गाडी दोरीनं ओढत माझ्या दारात आणली, तर डिकीत सकाळची मासळी तशीच. दुपारपर्यंत माझ्या दुकानात उभं राहवेना. आणि मामा नाकाला उपरणं लावून मलाच विचारतो, "कशाचा वास यायलाय हो भाऊ?"

त्याचा दुसरा उद्योग खोळींचा. पितळेचा पातळ पत्रा ठोकून तो चावीच्या डोक्याला खोळ करायचा. कुणाला त्रिशूळ, कुणाला बेलाचं पान, कुणाला नंदी. चारठाण्याच्या देवळात तासभर बसून तिथला नंदी डोळ्यांत भरून आणलाय, असं तो सांगायचा. नवी गाडी घेतली की पूजा करायची, हार घालायचा आणि चावीला मामाची खोळ चढवायची, अशी आमच्याकडे पद्धतच पडली होती. महादेवाची भक्ती करणारी घरं तर नंदीशिवाय चावी खिशात घालत नसत. नंदीच्या गळ्यातली घंटा तांदळाएवढी, पण तिच्यातला लोलकसुद्धा दिसायचा. मी ते बघायचो आणि म्हणायचो, चालू द्या पोरखेळ. काम सुरेख आहे, हे मी त्याला कधी म्हणालो नाही.

एका सकाळी चारठाण्याचा एक खताचा दुकानदार वडलांना घेऊन परभणीला डायलिसिसला निघाला होता. वडलांना सगळे आप्पा म्हणत. अकराची पाळी होती. आदल्या खेपेला त्यांना ताप आल्यामुळं ती खेप चुकली होती. ही चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आप्पांच्या पायांना सूज होती आणि ते मागच्या सीटवर आडवे होते. बसमध्ये नेण्यासारखी स्थिती नव्हती.

चावीवरची खोळ एका बाजूनं सैल होऊन हलत होती, म्हणून मुलानं जाता जाता मामाकडं गाडी थांबवली. मामानं खोळ दोन्ही बाजूंनी ठोकून घट्ट बसवली, चावी दाराला फिरवून दाखवली, ठरलेलं वाक्य म्हटलं. मुलगा गाडीत बसला आणि गाडी सुरू होईना.

मी धावलो. बॅटरी ठीक, फ्यूज ठीक, पेट्रोल पुढं येत होतं. समोर लाल दिवा लुकलुकत होता.

"चावी डुप्लिकेट आहे का?"

"न्हाई हो, कंपनीचीच हाय. सकाळी हिच्यावरच तर आलो."

चावी कंपनीची, म्हणजे चावीचा प्रश्न मिटला, असं मी धरून चाललो. ती मी दहा वेळा हातात घेतली. पितळेचा नंदी माझ्या बोटांना टोचत होता. पण मामाच्या खेळण्याकडं बघायचं कशाला?

मुलगा दर थोड्या वेळानं विचारी, "दुसरी गाडी बघू का?" मी म्हणे, "दहा मिनिटं थांबा." असा तास गेला. खरं सांगतो, भिंतीला टेकून मामा बघत होता आणि त्याच्यासमोर मला हरायचं नव्हतं. त्यापायी एक आजारी माणूस उन्हात तापलेल्या गाडीत पडून राहिला. शेवटी मी निदान सांगितलं, "आतला बोर्ड गेलाय. नांदेडला कंपनीच्या वर्कशॉपात न्यावी लागेल." पोराचा चेहरा उतरला. तो जीप बघायला स्टँडच्या मागं पळाला.

तेव्हा मामा उठून आला.

"भाऊ, ह्यो लाल दिवा कामून चमकायलाय?"

"गाडी चावीला ओळखत नाही म्हणून."

"सकाळी वळखत व्हती?"

"हो."

"मंग सकाळपासून बदललं काय?"

"काही नाही बदललं. तुम्ही तुमच्या जागेवर बसा बरं."

तो बसला नाही. चावीकडं बघत उभा राहिला आणि हळू म्हणाला, "म्या बदललं की. पक्कड द्या."

त्यानं खोळीच्या कडेत पक्कड घातली आणि पिळली. घंटेसकट नंदी चुरगळला. उघडी झालेली चावी त्यानं माझ्या हातात दिली. मी ती घालून फिरवली. लाल दिवा विझला, इंजिन सुरू झालं.

एरवी मामाच्या खोळीला एका बाजूनं फट राहायची, तिच्यातून चिपची ओळख गाडीपर्यंत पोचायची. या वेळी चहूबाजूंनी पितळ घट्ट बसलं आणि ती अडली. चिप हा शब्द ज्याला धड ऐकूनही घ्यायचा नव्हता, त्याला हे सापडलं. मी मात्र नांदेडचा पत्ता देऊन मोकळा झालो होतो.

मुलगा जीप न मिळता पळत आला, तर गाडी सुरू. "काय झालं व्हतं?"

"खोळीमुळं झालं होतं. काढली," मी म्हणालो.

कुणी काढली, ते मी म्हणालो नाही. त्यालाही विचारायला वेळ नव्हता. गाडी गेली. पाळी मिळाली, आप्पा बरे आहेत, असा संध्याकाळी त्याचा फोन आला.

तिसऱ्या दिवशी तो टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन आला. आधी मामापुढं उभा राहिला.

"तुमच्या पितळापायी माझा बाप गेला असता. लोकाच्या जिवाशी खेळता का?"

माणसं जमली. मामानं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मी तोंड उघडायचं, एवढंच बाकी होतं.

"चुकलं मालक," मामा त्याला म्हणाला.

मग त्या मुलानं माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. मी नारळ घेतला, दोन्ही हातांनी, वाकून.

पुढचे दिवस लोक मामाकडं यायचे ते खोळी काढून घ्यायला. आपली एकेक खोळ तो स्वतः पिळून काढायचा आणि पेटीत टाकायचा. नवी चावी करायला कुणी येईना. एक दिवस पेटीही दिसली नाही. कुणी म्हणतं सेलूला गेला, कुणी म्हणतं लेकीकडं. मी चौकशी केली नाही. कुठल्या तोंडानं करणार?

परवा एका गाडीच्या कामाला चारठाण्याला गेलो होतो. आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"त्या दिशी खोळ त्यानं काढली. म्या मागं पडल्या पडल्या बघत व्हतो. पोराला बोललो न्हाई. म्हणलं, तुमीच सांगताल."

तेवढ्यात त्यांचा मुलगा चहा घेऊन बाहेर आला आणि माझ्या शेजारी बसला. आप्पा माझ्याकडं बघत राहिले. चहा फार चांगला झालाय, असं मी म्हणालो.