दात येताहेत म्हणे

वॉर्डातल्या सिस्टरला सगळे मागून ‘तोफ’ म्हणत, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. बावीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढून बाई थंड डोक्याची राहिली असती तरच नवल.

त्या सकाळी सात महिन्यांचं एक बाळ आलं. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा ताप. ना सर्दी, ना खोकला. मांड्यांना वळ्याच वळ्या. ज्याला त्याला गाल ओढायची घाई.

“दात येताहेत,” आजी म्हणाली. “बाकी बघा ना, कसं गुटगुटीत आहे!”

नवे डॉक्टरही हसले आणि तापाचं औषध लिहायला लागले. सिस्टरचं डोकंच फिरलं.

“साहेब, लघवी तपासल्याशिवाय हे बाळ घरी जायचं नाही.”

“लघवी धरायला दोनदा पिशवी लावली, सिस्टर. वळ्यांमुळे चिकटतच नाही, सगळं गळून जातं.”

“म्हणून सोडून द्यायचं? मोठ्या डॉक्टरबाई घसा फोडून सांगतात, जाड बाळांमध्ये लघवीचा संसर्ग जास्त सापडतो. आणि आपण नेमकं अशा बाळांचंच कौतुक करून त्यांना घरी पाठवतो!”

आजीने नाक मुरडलं. “खात्यापित्या घरचं बाळ आहे आमचं. जाड काय म्हणता?”

“मूत्रपिंडाला कौतुक कळत नाही, आजी. एकदा खराब झालं की झालं!”

तिने एकेक वळी उलगडून पुसली, बाळाला आईच्या हातात उभं धरवलं आणि निर्जंतुक डबी घेऊन वाकून राहिली. लघवी व्हावी म्हणून गार ओला कापूस बेंबीखाली फिरवत चाळीस मिनिटं. पहिली धार तिच्या बाहीवर गेली, डबी कोरडीच. ती चरफडली, पण जागची हलली नाही. दुसऱ्या वेळी डबीत पडलं.

दुपारी रिपोर्ट आला. लघवीत पू होता. सलाइनमधून औषध सुरू झालं. डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, “वेळेवर सापडलं. तुम्हाला एवढी खात्री कशी होती?”

सिस्टर सलाइनचे थेंब मोजू लागली. तिची भाचीही अशीच गोलमटोल होती. तिलाही असाच ताप यायचा. बहिणीने तीनदा फोन केला, आणि तिन्ही वेळा हसून “दात येताहेत गं” म्हणणारी हीच तोफ होती. भाची आता नऊ वर्षांची आहे. तिचं एक मूत्रपिंड सुकलंय.

ड्युटी संपताना त्याच भाचीचा फोन आला. “मावशी, आज कोणावर ओरडलीस?”

“नेहमीचीच बाई आहे एक,” सिस्टर म्हणाली. “कितीही ओरडले तरी राग जात नाही तिच्यावरचा.”