बहिरूआप्पांचं अविभक्त कुटुंब

सायखेड्याचे बहिरूआप्पा आयुष्यात मोठं असं एकच खोटं बोलले, आणि तेही आयकर खात्याच्या नावावर.

वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा विकून त्यांनी नाशकात आडगाव नाक्याजवळ दोन गाळे घेतले, तेव्हा सीए संजना मॅडमनी त्यांना हिंदू अविभक्त कुटुंबाची, म्हणजे एचयूएफची, फाइल काढायला लावली. गाळे कुटुंबाच्या नावावर, कुटुंबाचं पॅनकार्ड वेगळं, करमाफीची मर्यादाही वेगळी. शिवाय भाड्यातले तीस टक्के दुरुस्तीपोटी वजा. मग भिंतीला रंगाचा हात लावा नाहीतर नका लावू. आप्पांना सगळ्यात आवडला तो कुटुंबप्रमुखासाठीचा ‘कर्ता’ हा शब्द. घरात माणसं पाच, पण दाढी करताना ते आरशात कर्त्याकडे बघायचे, आणि कुसाबाई तोंडाला पदर लावून हसायच्या.

कुसाबाई गेल्या आणि वर्षभरातच मुलानं, योगेशनं, विषय काढला. नोकरी नाशकात, रोजची ये-जा, पोरीची शाळाही तिकडंच. तो म्हणाला, “आप्पा, नाशकात फ्लॅट बघतो भाड्यानं.”

आप्पांना ‘नको जाऊ रे’ एवढंच म्हणायचं होतं. पण बापानं पोराला असं काही म्हणायची त्यांच्या घरात रीतच नव्हती. तोंडातून भलतंच निघालं.

“आन् एचयूएफ? चूल येगळी झाली की सवलत गेली. म्याडमनी बजावलंय.”

मॅडम असं काहीएक बोलल्या नव्हत्या.

पुढची तीन वर्षं योगेश धुमसत राहिला. सून निकिता पहाटे उठून डबे करायची, नात बसमध्ये पेंगायची. आप्पांना हे दिसत नव्हतं असं नाही. संध्याकाळी मोटारसायकलचा आवाज आला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा, आणि मग पोराशी बोलायचं काय, तर घरपट्टी भरली का. एकदा योगेश भरल्या ताटावरून उठला. “तुम्हाला आमच्यापेक्षा टॅक्सच प्यारा,” म्हणाला. आप्पांना खरं सांगण्यापेक्षा चिक्कू ठरणं सोपं होतं.

गेल्या जुलैत आप्पांचा गुडघा धरला, म्हणून रिटर्नचे कागद घेऊन योगेश एकटाच मॅडमकडे गेला. परत आला तो पेढे घेऊनच.

“आप्पा, मी विचारलं! चूल वेगळी झाली, घर वेगळं झालं, तरी एचयूएफ मोडत नाय. मिळकतीची वाटणी होत नाय तोवर कुटुंब एकच. तुम्ही उगाच घाबरत होता!”

तो हसत होता. तीन वर्षांत पहिल्यांदा बापाशी हसून बोलत होता. दारात उभी असलेली निकिता पदरानं डोळे पुसत होती. योगेशनं बापाला आपल्या हातानं पेढा भरवला. “एक पैसा टॅक्स वाढणार नाय. झालं ना समाधान?”

बोलायचं तर आत्ताच. टॅक्स गेला खड्ड्यात, मला एकट्याला घास उतरत नाही रे, असं सांगून टाकावं, हे आप्पांच्या अगदी ओठांवर आलं. पण इतक्या दिवसांनी पोर हसत होतं. ते हसू मोडायचा धीर त्यांना झाला नाही.

“झालं,” ते म्हणाले. “इचारलं ते लय बरं केलं.”

श्रावणात टेम्पो भरला. योगेश अधूनमधून रविवारी येतो, पण दुपारच्या जेवणानंतर त्याचं लक्ष घड्याळाकडे असतं.

यंदा रिटर्नच्या वेळी मॅडमचाच फोन आला. “आप्पा, कुटुंबात काही बदल? सभासद तेच ना?”

“तेच,” आप्पा म्हणाले. “आमचं काय बी मोडलं नाय.”

कागदापुरतं ते खरंच होतं. फोन ठेवून त्यांनी परातीत बाजरीचं पीठ घेतलं. एका माणसापुरतं पीठ घेणं अजून त्यांच्या हाताला जमत नव्हतं; आजही ते जास्तच झालं.